युरॅसिल आणि नाव घातलेली भांडी

आमच्या लॅबमध्ये एकदा पाण्याला केळीचा रोग झाला. ऐकणारा आधी हसतो, म्हणून हे वाक्य मी नेहमी पहिलं सांगते. त्या आठवड्यात मात्र आमच्यापैकी कुणालाच हसू येत नव्हतं. मला तर मुळीच नाही, कारण तो रोग पाण्यात कालवणारी मीच होते.

लॅब म्हणजे काही फार मोठी नाही. जुन्या हायवेला लागून, कामशेतच्या अलीकडे, केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणारी एक कंपनी आहे. काचेच्या बाटल्यांत रोपं बोटभर वाढली की त्यांना शेडमध्ये ट्रेत लावतात, वाऱ्या-उन्हाची सवय करतात आणि मग ट्रकने खानदेशात पाठवतात. मी परंदवडीची. बी.एस्सी. झाल्यावर घरच्यांना वाटलं होतं, पोरगी बँकेत लागेल. मी लागले केळीच्या पानांचा रस काढायला. रोज स्कूटीवरून जायचं, पांढरा एप्रन चढवायचा आणि रोपांना पर्णगुच्छ झालाय का ते बघायचं.

पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग. झाडाची पानं वरच्या वर गोळा होतात, घड लागत नाही, आणि झाड उपटून जाळण्यावाचून दुसरा उपाय नाही. रोप लहान असताना डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून विषाणूचा डीएनए शोधावा लागतो. डीएनए लिहिलेला असतो चार अक्षरांत. ए, टी, जी, सी. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. ए ची जोडी टी शी, जी ची सी शी, आणि या सोयरिकी कधी मोडत नाहीत म्हणून नक्कल काढता येते. आमचं मशीन तेवढंच करतं. पानाच्या रसात विषाणूचा एक तुकडा जरी असला तरी त्याच्या कोट्यवधी नकला काढतं. त्या नकला आम्ही जेलच्या वडीत सोडतो. ही वडी म्हणजे चायना ग्रासचीच चुलत बहीण. दिव्याखाली वडीत पट्टी चमकली तर रोग, नाही चमकली तर ट्रक.

माझी एक खोड आहे. लेबल वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणते, ही बिस्किटाचा पुडा पण आधी वाचते आणि मग खाते. तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी अक्षरांच्या मिश्रणाच्या बाटलीवरचं लेबल वाचलं आणि मॅडमकडे गेले. मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख, पुण्याच्या, कमी बोलणाऱ्या.

“मॅडम, यात टी नाहीये. त्याच्या जागी यू आहे, युरॅसिल. ते तर आरएनएमध्ये असतं ना?”

“चालतं गं. ए ला यू पण चालतो. मिश्रण बनवणारी कंपनी तसंच पाठवते. त्याच्याबरोबर एक एन्झाइमची छोटी बाटली येते, ती कधी लागली तर बघू.”

ती कधीच लागली नाही. लग्नात आहेर आलेला काचेचा सेट जसा वर्षानुवर्षं कपाटात बसून राहतो, तशी ती बाटली फ्रीजरच्या तळाच्या डब्यात बसून राहिली.

लॅबमध्ये दोन खोल्या. एक स्वच्छ खोली, जिथं पानांचा रस आणि मिश्रण नळ्यांत भरायचं. दुसरी मशीनची खोली, जिथं नकला काढून झाल्यावर नळ्या उघडायच्या. नियम एकच आणि कडक: मशीनच्या खोलीतली वस्तू स्वच्छ खोलीत आणायची नाही. एका उघड्या नळीत कोट्यवधी नकला असतात. डोळ्यांना न दिसणारा शिंतोडा जरी इकडे आला तरी मशीन त्यालाच विषाणू समजून नकलांच्या नकला काढत बसतं. म्हणून थेंब मोजून सोडणारी पिपेटसुद्धा दोन्हीकडे वेगळी. मशीनच्या खोलीतलीला लाल पट्टी, स्वच्छ खोलीतलीला हिरवी. बाकी दोन्ही जुळ्या बहिणी.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडची खंडेनवमी म्हणजे मावशींचं राज्य. मावशी लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या, शेडमधल्या बायकांच्या मुकादम. घरची भातशेती बघून रोज लोणावळ्याहून जीपने येतात आणि आल्या आल्या कुणालातरी रागावतात. दरवर्षी त्या शेडमध्ये खुरपी, कात्र्या, फवारणीचे पंप, ट्रकच्या किल्ल्या असं सगळं मांडून पूजा करायच्या. त्या वर्षी त्या लॅबच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“पोरी, यंदा तुमची यंतरं बी पुसून आन. का ती सवतीची लेकरं हायेत?”

मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. आता माझं सांगते. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या वेळेपासून आमच्यात ही पूजा नाही. कामावर पूजा असली की मी रांगेत शेवटी उभी राहते, पेढा खाते आणि कुणाशी वाद घालत नाही. पण मावशींनी मला पूजा करायला सांगितलीच नव्हती, यंत्रं पुसून आणायला सांगितली होती, आणि पुसणं हा माझा प्राण. मी दोन्ही खोल्यांतल्या पिपेट गोळा केल्या, ओल्या फडक्यानं लख्ख पुसल्या. पुसता पुसता पट्ट्या भिजल्या आणि सुटून आल्या. मावशींनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. मग मी परत सगळं पुसलं आणि नव्या पट्ट्या लावल्या. उजवीकडची लाल, डावीकडची हिरवी. मला पक्कं आठवत होतं. पक्कं आठवणाऱ्या माणसांपासून सावध राहावं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आम्ही कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीची, रोपं तपासायला घेतली. एक अख्खं शेड भरून रोपं, त्याच आठवड्यात निघायची होती. जेलच्या वडीत प्रत्येक नळीसाठी एक खाच असते, तिला आम्ही घर म्हणतो. दिवा लावला तर प्रत्येक रोपाच्या घरात चमकती पट्टी. आणि पाण्याच्याही घरात पट्टी. दर वेळी एका नळीत आम्ही रसाऐवजी नुसतं पाणी घालतो. ते कोरं निघालं पाहिजे, ही आमची परीक्षा. पाणीच आजारी निघालं म्हणजे घाण आपल्याकडेच आहे, रोपांबद्दल काहीच सांगता येत नाही.

मॅडमनी पाणी बदललं. मिश्रण नवं उघडलं. ग्लोव्हजचा खोका फेकला. आम्ही दोघींनी ब्लीचनं टेबल इतकं घासलं की डोळे चुरचुरायला लागले. मंगळवारी परत तेच, पाणी आजारी. संध्याकाळी पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला, मॅडमनी तो स्पीकरवर ठेवला होता.

“रोप स्वच्छ आहे हे शनिवारी दुपारपर्यंत दाखवा. नाहीतर शेड उपटा. खरंच रोग असेल तर ज्यांच्यापासून सगळी रोपं काढतो त्या मातृरोपांपर्यंत तो जायला नको. आणि बाहेरच्या लॅबचा नंबर दिवाळीनंतर आहे, तोवर रोपं ट्रेमध्ये मावणार नाहीत.” आणि फोन ठेवायच्या आधी, “मिश्रण कोण करतं तुमच्याकडे?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आम्ही दोघी.” ते खरं नव्हतं. मिश्रण मीच करायचे.

बुधवारी सकाळी, अजून काय घासायचं राहिलंय म्हणून मी स्वच्छ खोलीतली हिरव्या पट्टीची पिपेट हातात घेतली. मानेजवळच्या खाचेत निळा डाग होता. सुईनं टोकरावा एवढासा. जेलमध्ये नकला सोडताना त्यात निळा रंग मिसळतात, म्हणजे त्या खाली बसताना दिसतात. तो रंग फक्त मशीनच्या खोलीत असतो. स्वच्छ खोलीत निळं काहीच नसतं.

 जुळ्या बहिणींची मी अदलाबदल केली होती. पट्ट्या माझ्या, हात माझा, आणि दोन दिवस आम्ही जगाला दोष देत टेबल घासत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मी बोलले नाही. तो अख्खा दिवस बोलले नाही, आणि याची मला आजही लाज वाटते. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हे पूजेच्या दिवशी झालं असं मी म्हटलं की कुणीतरी म्हणणार, हिला आपली पूजा नकोच होती, आता बरं निमित्त सापडलं. असं कुणी म्हणालं नव्हतं. पण अशी वाक्यं आम्हाला न बोलताही ऐकू येतात, लहानपणापासून कानाला सवय असते. शिवाय पिपेट बदलून भागणार नव्हतं. दोन दिवसांत तिनं टेबल, रसाच्या बाटल्या, नळ्यांचे खोके, सगळीकडे नकला पेरून ठेवल्या होत्या. शनिवारपर्यंत किती घासणार?

संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. वस्तीत लग्न होऊन गेलं होतं. आमच्याकडे लग्नात घरोघरची भांडी गोळा होतात आणि मग परत वाटायचं काम आईकडे येतं. एकेक परात उलटी करून, काठावर ठोकून घातलेलं नाव चष्म्यातून वाचत होती.

“नाव हाय म्हून बरं,” ती म्हणाली. “न्हाईतर सगळ्या पराती सारक्याच. कुनाची कुनाच्या घरात गेली आस्ती, कळ्ळं बी नस्तं.”

मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. डाग, पट्ट्या, पाणी, सगळं. तिनं मधे एकदाही हात थांबवला नाही.

“मंग सांग की उद्या. केलंस तर केलंस.”

“आणि नोकरी गेली तर?”

“जाईल. पन त्या बाया सोताच्या हातानं रोपं उपटत्याल, त्ये हुबं ऱ्हाऊन बगनार हायेस का तू?”

 तिनं एक परात माझ्या मांडीवर ठेवली. “ही आपली. आत ठिव.” मी ती उलटी केली, काठावर आजोबांचं नाव होतं. आणि तशीच बसून राहिले.

नाव. आमच्या नकलांवर नाव होतं! आम्ही टी घातलाच नव्हता. मशीननं काढलेल्या प्रत्येक नकलेत टी च्या जागी युरॅसिल होतं. आणि खरा विषाणू, जो रोपात असेल किंवा नसेल, तो निसर्गानं लिहिलेला, त्याच्यात टी. जुळ्या दिसणाऱ्या परातींवर नाव वाचायचं तेवढं बाकी होतं, आणि वाचणारी बाई आमच्या फ्रीजरच्या तळाला झोपली होती.

कॉलेजात हे शिकलेले होते, फक्त परीक्षेपुरतं. पेशीच्या डीएनएमध्ये सायटोसिन अधूनमधून आपोआप बिघडतं आणि त्याचं युरॅसिल होतं. तसं राहू दिलं तर लिखाणात चूक होईल, म्हणून पेशी एक राखणदार एन्झाइम बाळगते. तो डीएनएवरून फिरतो, युरॅसिल दिसलं की उपटतो. थायमिनला हात लावत नाही. उपटलेल्या जागा भोकासारख्या राहतात आणि तापवलं की तो धागा तिथं तुटतो. तुटलेल्या धाग्याची नक्कल निघत नाही. तोच राखणदार त्या छोट्या बाटलीत होता. नळी मशीनमध्ये जायच्या आधी तो घालायचा, दहा मिनिटं चरू द्यायचं, मग तापवायचं. जुन्या नकला तुटतात, राखणदारही उष्णतेनं गार होतो, आणि खरा विषाणू असला तर तेवढाच उरतो.

“आई,” मी म्हटलं, “तू आमच्या लॅबमध्ये पाहिजे होतीस.”

“तितं बी भांडीच घासायची ना?” ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी मॅडम आणि मावशी दोघींना लॅबच्या पायरीवर उभं केलं आणि पिपेट पुढे धरली. खंडेनवमीला पट्ट्या सुटल्या, मी चुकीच्या लावल्या, काल कळलं आणि काल सांगितलं नाही. एका दमात बोलले, कारण दुसरा दम माझ्याकडे नव्हता. शेवटी म्हणाले, “मावशी, पूजेमुळे झालं असं मी म्हणत नाहीये.”

मावशींनी कमरेवर हात ठेवले.

“म्हनू बी नगंस! पूजा म्या मांडली, पट्ट्या तू लावल्यास. देवाला कशाला मधी आनतीस? त्यानं काय ती पिपाटी धरल्याली?” आणि मग आवाज खाली आणून, “येवड्यासाटी काल दिसभर त्वांड पाडून फिरत व्हतीस व्हय? माझी रोपं वाचत्याल का त्येवडं सांग.”

इतकंच. मी दिवसभर ज्या वाक्याला भ्यायले होते ते त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मॅडमनी पिपेट हातात घेऊन निळा डाग बघितला. चेहरा कडक. मी युरॅसिलचं सांगितलं, आईच्या परातींवरच्या नावांसकट. त्या म्हणाल्या, “ती बाटली एक्स्पायर झाली असेल.”

“नाही मॅडम. अजून चार महिने आहेत. लेबल वाचलंय मी.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग लगेच भराभर बोलायला लागल्या. गुरुवारी खोली रिकामी करून घासायची, पिपेट खोक्यातली नवीकोरी काढायची, रस नव्यानं काढायचा. “आणि नुसतं पाणी कोरं निघून साहेब ऐकणार नाहीत. मशीनच्या खोलीत दोन नळ्यांत मुद्दाम जुनी नक्कल टाक. एकीत राखणदार घाल, एकीत नको. आणि खऱ्या रोगट पानाचा रस पण लाव. तो चमकलाच पाहिजे, नाहीतर म्हणतील एन्झाइमनं सगळंच खाल्लं.”

शुक्रवारी मावशी स्वतः पानं घेऊन आल्या. ट्रेचे नंबर पिशव्यांवर घालून, बर्फाच्या डब्यात. त्यांच्या मागं शेडमधल्या सगळ्या बायका व्हरांड्यात येऊन बसल्या.  दोन महिने त्यांनी ती रोपं सांभाळली होती, पाणी जास्त झालं तर ट्रे तिरपे करून निथळले होते. मी नळ्या भरल्या. 

जेलचं काम संपायला दुपार झाली. दिव्याच्या प्रकाशापासून बचावाची प्लास्टिकची ढाल तोंडावर लावून मॅडमनी मावशींना आत घेतलं. दिवा लागला.

रोगट पान चमकलं. जुनी नक्कल, राखणदाराशिवाय, लखलखीत चमकली. जुनी नक्कल, राखणदारासकट, काळी. पाणी काळं. आणि रोपांची घरं एकामागून एक, शेवटपर्यंत, काळीभोर. मी परत पहिल्यापासून मोजली. मग परत.

“आगं, कुटं काय बी दिसंना,” मावशी म्हणाल्या.

“तेच तर पाहिजे, मावशी! काहीच नाही! काहीच नाही!” मी ओरडत होते.

“न्हाई तर मंग वरडतीस कशाला?” आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ढाल तशीच तोंडावर ठेवून त्या बाहेर धावल्या आणि व्हरांड्यात जाऊन गरजल्या, “पोरींनो, उटा! पानी बरं झालं! रोपं चांगली हायेत!”

जो गलका झाला तो हायवेपर्यंत गेला असेल. कुणीतरी मला उचललं. मॅडमनी, ज्या कधी कुणाच्या खांद्याला हात लावत नाहीत, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रिपोर्ट त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, पिपेटच्या पट्ट्या माझ्याकडून बदलल्या गेल्या. मॅडमनी वाचलं, खोडलं नाही. आजवर रिपोर्टवर फक्त त्यांची सही असायची. त्या दिवशी त्यांनी ‘तपासणी करणारे’ असा एक रकाना हातानं आखला आणि पेन माझ्याकडे दिलं. साहेबांनी फोनवर दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं मी दिली. शनिवारी सकाळीच ट्रक भरायला घेतले. शेवटच्या ट्रकच्या मागं बायका फाटकापर्यंत चालत गेल्या, सासरी निघालेल्या लेकीच्या मागं जातात तशा.

पुढच्या खंडेनवमीला मावशी परत लॅबच्या दारात. या वेळी हातात दोन ताटं.

“ह्ये हितल्या खोलीचं, ह्ये तितल्या. यंतरं जाग्यावर ऱ्हाऊ द्या, म्याच येती.” त्यांनी दोन्ही उंबऱ्यांवर, बाहेरच्या बाहेर, हळदकुंकू लावलं. मग इकडेतिकडे बघायला लागल्या. “आनि ती कुटंय? नाव वाचनारी बाटली? खरा मान तिचा.”

“आता तिच्या जागी नवी आलीय, पण ती बाहेर काढता येत नाही, मावशी. खराब होईल.”

“मंग ऱ्हाऊ दे आत,” म्हणाल्या, आणि हात लांब करून फ्रीजरच्या झाकणावर एक झेंडूचं फूल ठेवलं.

फ्रीजर स्वच्छ खोलीत, दाराच्या अगदी आत. तिथं बाहेरचं काही चालत नाही, हा नियम मीच भिंतीवर लावलेला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी आजही पूजेला हात जोडत नाही. पण ते फूल वाळून काळं पडेपर्यंत मी कुणाला हलवू दिलं नाही.